मानेच्या कामातले दहा टक्के

दिनांक सतरा ऑगस्ट दोन हजार आठ, रविवार. रक्कम अठरा हजार रुपये. हजर: सेक्रेटरी, त्यांच्या पत्नी, त्यांचा मुलगा आणि मी. स्थळ: सेक्रेटरींचा हॉल, कोथरूड. विषय एकच होता. सेक्रेटरींच्या मानेत इंजेक्शन द्यावं की नाही, आणि द्यायचं तर कोणाकडून.

हे मी गमतीने लिहीत नाही. बैठकीची रीतसर सूचना निघाली होती. मुलाला ती हडपसरच्या त्याच्या ऑफिसात ईमेलने गेली, मला दाराखालून आली, आणि वहिनींना त्या पोळ्या लाटत असताना वाचून दाखवण्यात आली. वहिनी म्हणाल्या, "मला कळवल्याची सही हवी असेल तर हात पिठाचे आहेत." सेक्रेटरींनी पीठ वाळेपर्यंत वाट पाहिली आणि सही घेतली.

मी सोसायटीचा खजिनदार होतो आणि ते सेक्रेटरी. त्यांना नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. दूधवाला, वॉचमन, वरच्या मजल्यावरची पोरं, सगळे सेक्रेटरीच म्हणत. ते मुंबई रस्त्यावरच्या एका कारखान्यात पर्चेस खात्यात होते. नव्वदनंतर बाहेरचा माल स्वस्तात यायला लागला, कारखान्याने माणसं कमी केली, आणि यांनी व्हीआरएस घेतली. त्या रकमेवरही त्यांनी साहेबांशी घासाघीस केली. रक्कम वाढली नाही, पण येताना ते खात्यातला टेबलफॅन घेऊन आले.

नोकरी सुटली, खातं सुटलं नाही. कारखान्यात शिकलेले तीन नियम त्यांनी घरी आणले. कुठल्याही कामाला तीन कोटेशनं. त्यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग बाद. आणि काम झालं तरी दहा टक्के रक्कम राखून ठेवायची, मुदत संपल्यावर तपासणी करून मगच सोडायची. या राखलेल्या पैशाला ते रिटेन्शन म्हणत, आणि हा शब्द उच्चारताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसे. मुलाच्या मुंजीत आचाऱ्याचे दहा टक्के त्यांनी दोन दिवस धरून ठेवले होते, कोणा पाहुण्याचं पोट बिघडतंय का हे बघायला. आचारी तिसऱ्या दिवशी आला तेव्हा त्याच्यासमोर सगळ्या पाहुण्यांना फोन करून विचारलं. एक मावशी म्हणाल्या, जरा जड वाटतंय. आचाऱ्याचे पन्नास रुपये कापले गेले.

सोसायटीला मात्र या माणसाचा फायदाच झाला, हे हिशेब ठेवणारा म्हणून मला सांगितलं पाहिजे. गच्चीची गळती आधीच्या दोन कमिट्यांना थांबवता आली नव्हती. यांनी कंत्राटदार नेमला. त्याने स्लॅबला भोकं पाडून, नळ्या बसवून, दाबाने आत रसायन भरलं. पुढे एक अख्खा पावसाळा गेला. मग सेक्रेटरींनी गच्चीवर पाणी तुंबवून ठेवलं, खालच्या सगळ्या छतांवरून स्वतः हात फिरवला, आणि त्यानंतर कंत्राटदाराचे दहा टक्के दिले. कंत्राटदार अधूनमधून मागायला यायचा. "साहेब, माझ्यावर विश्वास नाही का?" "तुमच्यावर आहे. स्लॅबवर नाही."

मानेचं दुखणं त्या वर्षी मार्चमध्ये सुरू झालं. मानेतून उजव्या खांद्यात, तिथून दंडातून थेट अंगठ्यापर्यंत कळ जायची. मानेतल्या दोन मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेली होती. अंगठा आणि शेजारचं बोट बधिर. गोळ्या झाल्या, शेक झाला, वजन लावून मान ताणून झाली. पट्टा दिला होता, तो ते मीटिंगला काढून ठेवत. "पट्टा पाहिला की माणूस सहानुभूती दाखवतो आणि मुद्दा सोडतो. मला मुद्दा हवाय."

मान मागे वळत नव्हती, पण स्कूटर सोडली नाही. वहिनींना मागे बसवून मागचं बघायचं काम दिलं. कर्वे रस्त्यावरून दोघं जाताना वहिनींचा आवाज ऐकू येई: "रिक्षा. उजवीकडून. अजून रिक्षाच. आता बस. अहो, बस म्हणतेय मी." यावर सेक्रेटरी शांतपणे, "थांबायचं बस की पीएमटीची बस, ते आधी सांगत जा."

बँकेने सोसायटीचे दोन चेक परत पाठवले, सही जुळत नाही म्हणून. सेक्रेटरी मला घेऊन बँकेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी चारदा सही करून घेतली, चारही वेगळ्या आल्या. त्या म्हणाल्या, "काका, ही सही तुमची वाटत नाही." ते म्हणाले, "सही माझीच आहे. हात माझा राहिलेला नाही." बाईंनी तो मुद्दा मॅनेजरकडे पाठवला आणि तो अजून तिथेच असेल.

एका गोष्टीने त्यांना आराम पडायचा. उजवा हात उचलून डोक्यावर ठेवला की कळ कमी व्हायची. नसेवरचा ताण तेवढा सैल होतो, असं डॉक्टर नंतर म्हणाल्या. तेव्हा आम्हाला हे माहीत नव्हतं. आम्हाला एवढंच दिसायचं की सेक्रेटरी डोक्यावर हात ठेवून जिना उतरतात, डोक्यावर हात ठेवून भाजी घेतात. नवीन वॉचमन विदर्भातून आलेला, बिचारा. त्याला तो सलाम वाटायचा आणि तोही उलट सलाम करायचा.

आणि याच हाताने मे महिन्यात घोटाळा केला. सभेपुढे ठराव होता: आयटीत काम करणाऱ्या अविवाहित मुलांना फ्लॅट भाड्याने द्यायला परवानगी असावी. या ठरावाला सेक्रेटरींचा कडाडून विरोध होता. त्यांनी त्याविरुद्ध वीस मिनिटं भाषण केलं, दुखणं वाढलं, आणि बसल्याबसल्या हात डोक्यावर गेला. तेवढ्यात अध्यक्षांनी ठरावाच्या बाजूने हात वर करायला सांगितलं. मी मोजणीला होतो. मी हात मोजले. ठराव एका मताने मंजूर झाला.

सभा संपल्यावर ते माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, "सेक्रेटरी, तुमचा हात दुखण्याचा होता. मी दुरुस्त करतो."

"हात वर होता की नव्हता?"

"होता."

"का होता, हे मिनिट्समध्ये लिहीत नाहीत. राहू द्या."

जूनमध्ये दुसऱ्या मजल्यावर चार पोरं राहायला आली. सेक्रेटरींनी आपल्याच मताचा मान राखून त्यांना पाण्याच्या वेळा समजावून सांगितल्या.

जुलैत दुखणं असह्य झालं. झोप बसून व्हायला लागली. तेव्हा त्यांनी मानेसाठी तीन कोटेशनं मागवली. पहिलं पेठेतल्या एका डॉक्टरांचं: मानेत इंजेक्शन, दवाखान्यातल्या दवाखान्यात, सहा हजार. दुसरं कर्वे रस्त्याजवळच्या एका बाईंचं. त्या मुळात भूल देणाऱ्या डॉक्टर, आता फक्त दुखण्यावर काम करायच्या. एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत सुई नसेपाशी न्यायची, आधी रंगद्रव्य सोडून जागा बरोबर आहे का पाहायचं, मग औषध. कापाकापी नाही, दुपारी घरी. अठरा हजार. तिसरं एका मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जनचं. तेच इंजेक्शन, पण खोली, जेवण आणि बाकी सगळं धरून छत्तीस हजार.

या सर्जननी आणखी एक गोष्ट सांगितली. इंजेक्शनने भागलं नाही आणि हातातली ताकद कमी व्हायला लागली, तर ऑपरेशन. ते गळ्याच्या पुढच्या बाजूने करतात. आवाज काही दिवस बसतो, क्वचित जास्त दिवस. त्याचा अंदाजे खर्चही त्यांनी लिहून दिला. सेक्रेटरी कागदाची चिठ्ठीसुद्धा फाईलला लावणारे, तो कागद त्यांनी फाईलला लावला नाही. खिशात ठेवला.

वहिनी मला जिन्यात म्हणाल्या, "घाबरलेत हो ते. ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तर यांच्यात उरतं काय? पण मला नाही सांगणार. मला सांगायचं टाळायला तीन कोटेशनं मागवतात."

तर ती सतरा ऑगस्टची बैठक. सेक्रेटरींनी तुलनात्मक तक्ता वाचला. मुलाने तो संपेपर्यंत धीर धरला, मग म्हणाला, "बाबा, धिस इज नॉट अ टेंडर. माझ्या कंपनीच्या पॉलिसीत तुम्ही कव्हर्ड आहात. मोठ्या हॉस्पिटलला जा. कॅशलेस आहे."

"कॅशलेस म्हणजे कोणाची तरी कॅश जातेच. फक्त कोणाची गेली ते कळत नाही. आणि ते रिटेन्शन ठेवतात का?"

"कोण?"

"तुझी पॉलिसीवाली माणसं. हॉस्पिटलला एका झटक्यात सगळे पैसे देऊन मोकळे होतात. उद्या मान पुन्हा गळायला लागली तर?"

"मान गळत नाही, बाबा. काका, तुम्ही तरी सांगा."

मी म्हटलं की माझ्याकडे फक्त रकमांचा विषय आहे. वहिनी म्हणाल्या, "स्वस्त आणि महाग बाद ना? मग राहिलं ते एकच. मी चहा टाकते." ठराव तसा झाला. सूचक सेक्रेटरी, अनुमोदक वहिनी, चहाच्या वाटेवरून. नियम चुकीचा होता आणि उत्तर बरोबर आलं. सहा हजारवाले पडद्यावर न बघता, हाताच्या अंदाजाने सुई घालणार होते, आणि मानेत तसं करणं धोक्याचं असतं. पण ते कारण तक्त्यात कुठेच नव्हतं.

बाईंच्या दवाखान्यात आम्ही दोघं गेलो. सेक्रेटरींनी गॅरंटी विचारली. त्या म्हणाल्या, "गॅरंटी नाही. बऱ्याच जणांना आराम पडतो, काहींना नाही. काहींचं दुखणं काही महिन्यांनी परत येतं. धोके काय आहेत तेही या कागदावर आहे. वाचून सही करा."

"आमचा गच्चीवाला सात वर्षांची गॅरंटी देतो."

"मग मान त्यांच्याकडे घेऊन जा."

सेक्रेटरींनी थोडा विचार केल्यासारखं केलं. मग दहा टक्क्यांचा मुद्दा काढला. एक वर्ष, मध्ये एक पावसाळा धरून. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे नेहमी असंच बोलतात का?"

"हो," मी म्हटलं. "आज जरा कमी."

"हे बघा, मला बाहेर अकरा पेशंट आहेत. दहा टक्के तुमच्या या खजिनदारांकडे ठेवा. वर्षाने मला आठवण राहणार नाही."

"आम्हाला राहील," सेक्रेटरी म्हणाले.

सोळा हजार दोनशे त्या दिवशी दिले. अठराशे पाकिटात घालून मी माझ्या कपाटात ठेवले.

इंजेक्शनच्या वेळी आत काय झालं ते मी पाहिलेलं नाही. बाईंनी नंतर सांगितलं ते असं. सेक्रेटरींना पूर्ण भूल नव्हती, फक्त त्वचा बधिर केली होती. पडून राहायचं, हलायचं नाही. त्यांनी विचारलं, बोललं तर चालेल का. बाई म्हणाल्या, बोलताना मान हलते. मग त्यांनी घरून लिहून आणलेले प्रश्न सिस्टरच्या हातात दिले आणि एकेक वाचायला सांगितलं. दुसऱ्या प्रश्नाला सिस्टरना हसू आवरेना, बाईंनी त्यांना बाहेर पाठवलं. रंगद्रव्य पडद्यावर नसेच्या कडेने उतरलं तेव्हा मात्र सेक्रेटरींना पाहायला मिळालं आणि ते एवढंच म्हणाले, "आमचा गच्चीवालाही रंगीत पाणी टाकून बघतो."

अर्ध्या तासाने बाहेर आले. हात खाली, कळ गायब. घरी येताच त्यांनी औषधाच्या पाकिटाच्या पाठीवर तीन सह्या केल्या. तिन्ही सारख्या. संध्याकाळी आमची मिसेस म्हणाली, आज वरून सेक्रेटरींचा आवाज खूप येतोय, बरं वाटत असेल.

सकाळी सहाला बेल वाजली. सेक्रेटरी दारात, हात डोक्यावर, दुसऱ्या हातात कागद. कामातील दोषाबाबत नोटीस, प्रत खजिनदारांना. मी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "बधिर करायचं औषध उतरलंय. सुजेवरचं औषध लागू पडायला चार-पाच दिवस जातात, जास्तही. हे मी त्यांना सांगितलंय. लेखी दिलंय. त्यांनी त्याची पोचही दिली आहे." मी तसं सांगितलं. सेक्रेटरींचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"म्हणजे क्युरिंग."

"काय?"

"स्लॅब टाकल्यावर लगेच चालत नाहीत त्याच्यावर. बाई तसं सरळ म्हणाल्या असत्या तर मी नोटीस काढली नसती."

वरच्या जिन्यातून वहिनींचा आवाज आला. "पाणी मारायचं का सकाळ-संध्याकाळ?"

सहाव्या दिवशी ते माझ्याकडे पेपर मागायला आले. उजवा हात चारचौघांसारखा बाजूला लोंबत होता. तो इतका साधा दिसत होता की मला आधी काय बदललंय तेच कळेना. बँकेतून चेक वटला. स्कूटरवर वहिनी पुन्हा पुढे बघायला लागल्या. बाईंनी शिकवलेले व्यायाम ते गच्चीवर करत आणि तिथूनच खाली कोणाची गाडी कुठे लागली आहे ते सांगत.

पुढच्या जुलैत सोसायटीच्या फळ्यावर एक नोटीस लागली. टाकी धुणार असल्याने पाणी येणार नाही, एवढीच. पण मी ती दोनदा वाचली, कारण तिच्यात 'कृपया' हा शब्द होता. आधी एकदा, आणि शेवटी पुन्हा. सेक्रेटरींच्या नोटिशीत तो कधी नसे. त्यांच्या मते नियम सांगताना विनंती केली की नियम पातळ होतो. अक्षरही गोल, वळणदार होतं. वहिनींचं.

संध्याकाळी सेक्रेटरी स्वतः माझ्याकडे आले. पाकीट सोडा म्हणाले. काम समाधानकारक आहे, अठराशे रुपये डॉक्टरांना पोचते करा.

"मुदत पुढच्या महिन्यात संपते."

"मला माहितेय. लवकर सोडा."

बारा वर्षांच्या ओळखीत या माणसाने कोणाचे दहा टक्के एक दिवस आधी सोडले नव्हते. मिसेसने चहा आणला. त्यांनी तो डाव्या हाताने उचलला.

मी म्हटलं, "सेक्रेटरी, फळ्यावरची नोटीस कोणी लिहिली?"

"हिने. अक्षर चांगलं आहे हिचं."

"पूर्वी नव्हतं का?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "खजिनदार, काम माझं, समाधान माझं. तुम्ही फक्त पाकीट धरून आहात."

"धरून आहे म्हणूनच. तपासणीशिवाय रिटेन्शन सुटत नाही. गच्चीवाल्याला तुम्ही माझ्यासमोर सांगितलंय. दाखला आणा, मी सोडतो."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे," मी म्हटलं. पुढचं वाक्य त्यांना पाठ होतं, त्यामुळे मी ते म्हटलं नाही.

ते उठले. दारात थांबून खिशातून एक घडी घातलेला कागद काढला, पाहिला आणि परत ठेवला. सर्जनचा तो ऑपरेशनचा अंदाज वर्षभर खिशात होता, शर्ट बदलला की कागद नव्या खिशात जात होता.

शनिवारी आम्ही तिघं बाईंकडे गेलो. बाईंना काही आठवत नव्हतं. कागद पाहून आठवलं. "रिटेन्शनवाले."

"तपासणीसाठी आलोय," मी म्हटलं.

"दुखतं?"

"नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"रात्री उठून बसतात," वहिनी म्हणाल्या. "दीड महिना झाला. शर्टाची बटणं मी लावते. मला सांगितलंय, खजिनदारांना बोलायचं नाही."

बाईंनी त्यांना उभं केलं. माझी बोटं दाबा. कोपरातून ओढा. आता ढकला. मनगट वर, मी खाली दाबते, दाबू देऊ नका. अंगठा. दुसरा हात. पुन्हा पहिला. हातोडीने कोपराच्या खालीवर ठोकून पाहिलं. सेक्रेटरींच्या कपाळावर घाम होता आणि पंखा सुरू होता.

"ताकद शाबूत आहे," बाई म्हणाल्या. "बधिरपणा आहे, दुखणं परत आलंय. लिहून दिल्याप्रमाणे. पण नस कमजोर झालेली नाही. ऑपरेशनचा विषय नाही."

"विषयच नाही?"

"आज नाही. ताकद कमी वाटली तर त्याच दिवशी यायचं. लपवायचं नाही. लपवलंत, तर मग विषय होईल."

सेक्रेटरी खुर्चीत बसले. त्यांनी विचारलं, "मग हा दोष कोणाचा धरायचा? कामाचा?"

"वयाचा," बाई म्हणाल्या. "मणके झिजतात. माझेही झिजतायत."

"झीज म्हणजे वापरातली. तिच्यासाठी रिटेन्शन कापता येत नाही," सेक्रेटरी माझ्याकडे वळून म्हणाले. "सोडा पाकीट. पूर्ण." त्यांचा आवाज नेहमीचा झाला होता. वहिनींनी पदराने नाक पुसलं आणि भिंतीवरचा मणक्यांचा तक्ता वाचायला लागल्या.

बाई म्हणाल्या, हवं तर आणखी एक इंजेक्शन देता येईल, पुढच्या गुरुवारी. घाई नाही. घरी जाऊन ठरवा, बैठक वगैरे घ्या.

बैठक झाली नाही. सेक्रेटरींनी डाव्या हाताने उजव्या बाजूच्या आतल्या खिशातून नोटांचं बंडल काढलं. घरून निघतानाच ते आणलं होतं, म्हणजे काय होईल याचा अंदाज त्यांनी बांधलेला होता आणि आम्हाला सांगितलेला नव्हता. बधिर अंगठ्याला नोटा जाणवत नव्हत्या, म्हणून नोटा त्यांनी माझ्याकडे मोजायला दिल्या. दर एक हजाराने वाढला होता. का वाढला, हे त्यांनी विचारलं नाही. बाईंनी विचारलं, दहा टक्के यांच्याकडे ठेवायचे ना? सेक्रेटरी म्हणाले, "नको. तुमच्याकडेच राहू द्या."

मागच्या कामाचे अठराशे, पुढच्या कामाचे एकोणीस हजार. एकूण वीस हजार आठशे रुपये, एकरकमी, काम सुरू होण्याच्या पाच दिवस आधी, डॉक्टरांना.